तीन टोपडी

४ ऑक्टोबर ९६, शुक्र.

वही चार महिन्यांनी हातात घेतली. शेवटचं पान जूनमधलं. "तळमजल्यावरूनच कळलं, तिसऱ्या मजल्यावर मेथी निवडतायत. वर जाऊन पाहिलं, खरंच." पोटुशी असताना असं नाक झालं होतं. लेले सर कंपनीत सगळ्यांना सांगायचे, शैलाबाईंच्या पोटात दुसरं नाक वाढतंय.

आता त्यातलं काही नाही. बाळ बत्तीस दिवसांचं. मुलगी. नाव केतकी, विलासने ठेवलं, माझ्या वासांच्या नोकरीवरून. मी अजून बाळच म्हणते.

काय लिहू. पाजते, पुसते, झोपवते. हात करतात. मी बाजूला बसलेली असते.

७ ऑक्टो., सोम.

चांगुणाबाई नऊला येतात, घणसोली गावातून चालत. आधी मला मालीश, मग बाळाची अंघोळ, मग धुरी. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा. बाळाला दोन्ही हातांवर आडवं धरून धुरावरून फिरवतात. खोलीत धूर, डोळ्यांत पाणी. पाणी धुराचंच.

"पोरी, तू हसत कशी नाय गो?"

म्हटलं, झोप पुरत नाही.

"झोप कोनाला पुरते? मना सात झाली. मी हसलूच ना."

सासूबाई गुहागरकडच्या गावाहून आल्यात, माझी आई नाही म्हणून. डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, सगळं वेळेवर. तक्रारीला जागा नाही. घरात आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) एकच कायदा केलाय: पहिले तीन महिने बाळाला नवं कापड लावायचं नाही. दुसऱ्या बाळाचं वापरलेलं घालायचं, ते बाळ पाहिजे गुटगुटीत. समोरच्या मुमताजचा फैज सहा महिन्यांचा, गालावर गाल. म्हणून त्याची झबली, टोपडी आमच्या दोरीवर. सगळी पांढऱ्या मलमलची, मुमताजच्या अम्मीने एकाच ताग्यातून शिवलेली. दोन्ही घरांत आता कुठलं कुणाचं कळत नाही.

९ ऑक्टो.

डोक्याचं खोबरं झालंय. कुकर पाणी न घालता लावला. दुधाची पिशवी फ्रीजऐवजी कपाटात, साड्यांवर. विलासचा वाढदिवस होऊन गेला, त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं.

एक मात्र होतं. बाळ रडायच्या आधी मी उठते. आज दुपारी गाढ झोपेतून उठून बसले, बाळ शांत. मनात मोजायला लागले. आठ म्हणताना त्याने तोंड उघडलं.

आई म्हणाल्या, "तेच गो आईपण."

मला वाटलं, गजराचं घड्याळही वेळेवर वाजतं. त्याला आत काय वाटतं कुणी विचारत नाही.

१२ ऑक्टो., शनि.

वाशीला दाखवून आले. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, मला बाळाबद्दल काही वाटत नाही. वाईट नाही, चांगलं नाही. त्या बाळाचं वजन लिहीत होत्या. "पहिलटकरणीला होतं असं. तीन महिन्यांत खुलाल." टॉनिक दिलं. केळ्याच्या इसेन्सचं, स्वस्तातलं.

संध्याकाळी बैठक. माझी रजा २४ नोव्हेंबरला संपते. विलासच्या तुर्भ्याच्या शिफ्टा दर आठवड्याला फिरतात. सेक्टरमधली पाळणाघरवाली सहा महिन्यांखालचं घेत नाही. तेव्हा आई म्हणाल्या, दिवाळी झाली की मी नेते गावाला, शाळेत घालायच्या वेळी आणा. हे काही जगावेगळं नाही. आमच्या पॅकिंगमधल्या सुलभाचा मुलगा चार वर्षं कराडला आहे.

विलासने विचारलं, "तुला चालेल?"

"चालेल."

एवढ्या पटकन म्हणायला नको होतं. तो उठून आत पाणी प्यायला गेला. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बाळाचं दुपटं सारखं केलं, ते सारखंच होतं.

१६ ऑक्टो., बुध.

दोन दिवस डोक्यात तेच. आई झालेली बाई डोळे मिटून, नुसत्या वासावरून आपलं मूल ओळखते असं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. पावण्याच्या कंपनीत मी नऊ वर्षं दुसरं काय करते? साबण-अगरबत्तीवाल्यांची सुगंधी कंपाउंडं हुंगते. समोर कागदाच्या तीन पट्ट्या. दोन एकाच बाटलीतल्या, एक वेगळी. कुठली वेगळी ते सांगायचं. ट्रँगल टेस्ट. कुणाचं काय मत आहे याच्याशी नाकाला देणंघेणं नसतं, म्हणून ही टेस्ट मला आवडते.

तसंच करायचं. माझ्या मनाला विचारून झालं, ते गप्प आहे. नाकाला विचारते. ओळखलं तर बाळ कुठे पाठवायचं नाही, नोकरी सुटली तरी चालेल. नाही ओळखलं तर आईंबरोबर जाऊ दे. तिथे निदान कुणाला तरी ती हवी आहे.

१९ ऑक्टो., शनि.

केली.

आई भाजीला गेल्या होत्या. काल मुमताजकडून फैजची दोन टोपडी मागून आणली होती, घातलेली, न धुतलेली. "कशाला ताई?" म्हणाली. मग बाळंतिणीचं डोकं म्हणून सोडून दिलं असावं. बाळाचं टोपडं चांगुणाबाईंनी आणलं, आतल्या खोलीतून. त्यांना लिहिता येत नाही म्हणून नाड्यांना गाठी मारायला सांगितल्या. एक, दोन, तीन. मी भिंतीकडे तोंड करून बसले, डोळ्यांवर पदर. मध्ये मध्ये स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगायची, नाक कोरं करायला. कामावर करते तसंच.

चांगुणाबाईंना वाटलं, काही तरी उतरवून टाकायचा विधी आहे. गंभीर होत्या.

तीन फेऱ्या केल्या. आंबूस दूध, खोबरेल, थोडी पावडर. पहिल्यात तेच, दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. केसाएवढाही फरक नाही. धुरीचा वाससुद्धा कुठल्यात लागला नाही, म्हणजे नाकही गेलं.

तिन्ही एकच, म्हटलं.

"असा कसा? दोन गाठींचा तुज्या बालाचा हाय."

कामावर 'फरक नाही' लिहायची सोय नाही, एक निवडावंच लागतं. मी निवडलं नाही. उठले, तिन्ही बादलीत टाकली, साबण लावला.

बाळ माझ्याकडे बघत होतं. की पंख्याकडे.

२० ऑक्टो.

विलासला सांगितलं, दिवाळीनंतर पाठवू. कारण सांगितलं नाही. सांगण्यासारखं नाही. शेजारचं बाळ आणि माझं बाळ मला सारखंच, हे नवऱ्याला कोणत्या शब्दांत सांगतात?

४ नोव्हें., सोम.

फराळ. चकल्या मऊ पडल्या. आईंनी बाळाला बाटलीची सवय लावायला घेतलीय. पहिले दोन दिवस तिने तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी घेतलं. आई म्हणाल्या, "शहाणी आहे हो." मी म्हटलं, हो.

१३ नोव्हें., बुध.

गेली.

विलास पनवेलच्या स्टँडपर्यंत, पुढे गावापर्यंत सोडायला गेलाय. दोन पिशव्या, स्टोव्ह, दुधाचे डबे, तिचे सगळे कपडे. मी सोसायटीच्या गेटपर्यंत. आईंनी रिक्षात बसल्यावर बाळाला माझ्यासमोर धरलं. "पापा घे गो." घेतला. कपाळ गरम होतं, तेल लागलेलं. तेलाचा वास आला. रिक्षा वळली.

वर आले. भात लावला. तीन वाट्या घेतल्या होत्या, दोन परत डब्यात टाकल्या.

१५ नोव्हें.

छाती दगड. ताप. चांगुणाबाईंना बाळ नसताना बोलावलं, आल्या. जुन्या साडीचा पट्टा फाडून करकचून बांधला. बांधता बांधता आपल्याशीच बोलत होत्या.

"बाल गेला, पन दुदाला कोन सांगल?"

जाताना निखारे मागितले. म्हटलं, आता कशाला? "सवय," म्हणाल्या. रिकाम्या खोलीला धुरी देऊन गेल्या.

२५ नोव्हें., सोम.

कामावर. पावण्याचा तोच नाला, त्याच कडेने तोच पिवळा फेस. गेटवरच्या वॉचमनने पेढे मागितले. सुलभा येऊन नुसती शेजारी बसली, डबा उघडला. तिला माहीत आहे.

लेले सरांनी आल्या आल्या पाच ट्रँगल लावले, गंज चढलाय का बघू म्हणून. मी आधीच सांगून टाकलं, सर, नाक गेलंय, मला पॅकिंगला टाका. पाचही बरोबर आले. पाचवा तर त्यांनी मुद्दाम अवघड लावला होता, एकाच मालाची आजची बॅच आणि महिन्यापूर्वीची. सर खूश.

म्हणजे नाक जागेवर आहे. मग त्या दिवशी जे चुकलं ते नाक नव्हतं, मी होते. बसमध्ये हाच हिशेब करत आले. त्यात नवीन काही नव्हतं, पण पक्कं झालं.

१ डिसें.

रविवार. रडायच्या आधीची जाग अजून येते. दुपारी दोनला उठून बसते. आठपर्यंत मोजते. कुणी रडत नाही. पुन्हा आडवी होते.

५ डिसें., गुरु.

बेबी पावडरवाल्या पार्टीला नवीन कंपाउंड हवंय. म्हणे, डबा उघडला की बाळाला उचलून घेतल्यासारखं वाटलं पाहिजे. सरांनी तीन ट्रायल केले होते. तीन पट्ट्या माझ्यासमोर. "तुम्ही नुकत्याच आई झालात, तुम्हीच सांगा, ह्यातला बाळाचा कुठला?"

हुंगल्या. म्हटलं, एकही नाही.

"का?"

"हा गुलाब आहे. हा व्हॅनिला. हा तर बाळाच्या खोलीतल्या पडद्याचा वास आहे, बाळाचा नाही."

सर हसले. "मग बाळाचा कसा असतो?"

मी सांगायला लागले. टाळूवर, जिथे धडधडतं तिथे, कोमट, ताज्या भाताच्या पेजेचा. कानामागे तेल मुरतं तिथला वेगळा, किंचित खवट, पण वाईट नाही. मानेच्या वळीत दूध उतरलेलं असतं, ते आंबूस. मुठी उघडल्यावर तळव्यांना दुपट्याची लोकर आणि घाम. आणि ह्या सगळ्यावरून ओवा-वावडिंगाचा धूर, अंघोळीनंतर जास्त, दुपारी कमी, पण जात नाही कधी, टोपड्यात तर दोन धुण्यांनीही राहतो. आणि झोपेतून उठली की तोंडाचा वास येतच नाही, कोरा असतो, तेवढाच तिचा एकटीचा.

सर लिहून घेत होते. मग लिहायचे थांबले. सुलभाला म्हणाले, बाईंना पाणी द्या. मला वाटलं, मी घामाघूम झाले. खाली पाहिलं तर ॲप्रन पुढून ओला, दोन्हीकडे. तीन आठवडे होऊन गेलेत.

घरी येईपर्यंत एकच. हे सगळं मला कधी कळलं? मी तर बाजूला बसलेली होते.

७ डिसें., शनि.

अर्धा दिवस. मुमताज फैजला कडेवर घेऊन आली. थोडी संकोचून म्हणाली, "ताई, रागवू नका, अम्मी आलीय, टोपड्या मोजतेय. एक कमी पडतेय. तुमच्या आईंकडेच राहिली असेल."

म्हटलं, मी दोनच नेली होती आणि दोनच परत दिली, धुऊन.

"तुम्ही दोन. पण आई तर रोज एक न्यायच्या ना."

रोज?

"रोज सकाळी. फैज उठला की त्याच्या डोक्यावरची, तशीच गरम गरम. म्हणायच्या, अंगची ऊब गेली तर उपयोग नाही, आमच्या पोरीला ह्याच्यासारखे गाल येऊ देत. तुमच्याकडे नेऊन बाळाच्या उशाशी ठेवायच्या, अंघोळ झाली की घटकाभर घालायला. तुम्हाला नव्हतं माहीत? मला वाटलं तुमच्यात असतं असं."

फैजने माझं मंगळसूत्र तोंडात घातलं होतं. मी विचारलं, मी दोन टोपडी मागून नेली, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नेली होती का त्यांनी? शनिवार होता.

"हो तर. अंघोळीच्या आधी देऊन भाजीला गेल्या त्या. तीच तर परत आली नाही."

८ डिसें., रवि.

१९ ऑक्टोबरचं पान काढून बसले. चांगुणाबाईंनी आतून आणलं ते उशाशी ठेवलेलं. बाळाने अजून घातलेलंच नाही ते. तिन्ही टोपडी फैजची होती.

तिन्ही एकच, मी म्हटलं होतं. बरोबर होतं.

आणि माझ्याच अक्षरात पुढे लिहिलंय, धुरीचा वास कुठल्यात लागला नाही. मुमताजकडे धुरी देत नाहीत. आमच्या बाळाच्या टोपड्याला ती असणारच. शिकाऊ मुलीनेही विचारलं असतं, बाई, नमुना कुठून आला? नऊ वर्षांत मी नाव-पत्ता नसलेली बाटली कधी उघडली नाही. त्या दिवशी उघडली, आणि दोष कुणाला दिला ते समोर आहे.

माझी मुलगी तिथे नव्हती. नाही हे मला कळलं होतं.

आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. विलासला सगळं वाचून दाखवलं, पहिल्यांदाच. त्याने वही हातात घेतली, ते पान स्वतः पुन्हा वाचलं. "मला तेव्हाच सांगितलं असतंस तर," एवढंच.

संध्याकाळी एसटीडीवरून गावाला. दुकानात फोन, तिथून निरोप गेला, दहा मिनिटांनी आई आल्या, धापा टाकत. टोपड्यांचं विचारलं. "हो गो, मग? आमच्याकडे सगळ्यांना असंच केलंय, विलासलासुद्धा. सांगण्यासारखं काय त्यात?" बोलण्यात काही खोट नव्हती. म्हटलं, केतकीचं एक घातलेलं टोपडं पाठवा, गावचा दत्ताराम इकडे येतोय पुढच्या आठवड्यात, त्याच्याबरोबर. न धुता.

"बरी आहे हो पोर. माझं लुगडं नाकाशी लागल्याशिवाय झोपत नाही आता."

बाहेर येऊन मशीनवरचे आकडे बघत उभी राहिले. दुकानदाराने दोनदा हाक मारली.

१७ डिसें., मंगळ.

दत्ताराम पिशवी देऊन गेला. कुळथाचं पीठ, कोकमं, आणि कागदात गुंडाळलेलं टोपडं. धुतलेलं. नीळ घातलेलं, कडक उन्हात वाळवलेलं, चार घड्या. सुनेकडे मळकं कसं पाठवायचं, असं आईंना वाटलं असणार.

तरी हुंगलं. नीळ, ऊन, दत्तारामची विडी. तळाशी कुठे तरी ओवा, की मला हवा म्हणून.

विलासने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग दोघंही हसलो, दोन महिन्यांनी असेल. हसता हसता त्याने तोंड फिरवलं.

२० डिसें., शुक्र.

रजेचा अर्ज. लेले सरांपुढे ठेवला. 'पासून' मध्ये २१ डिसेंबर. 'पर्यंत' कोरं.

"हे भरा की."

"माहीत नाही सर."

त्यांनी पेन दोनदा टेबलावर आपटलं. पार्टीला बाळाच्या पावडरचं सँपल जानेवारीत द्यायचंय, मी नसले तर कोण हुंगणार. मग तशीच सही केली. "पण शैलाबाई, कोऱ्या अर्जावर मला वर उत्तर द्यावं लागेल." बरोबर आहे त्यांचं. सुलभा गेटपर्यंत आली. म्हणाली, तू आणलीस तर मला कळव. का ते सांगितलं नाही.

आणायची कुठे, तोही प्रश्न आहेच. मुमताज म्हणते, सकाळचे चार तास मी बघीन, फैजबरोबर. विलास म्हणतो, शिफ्टचं साहेबांशी बोलतो. पाळणाघरवालीचे सहा महिने मार्चमध्ये भरतात. जुळेल किंवा नाही जुळणार.

२१ डिसें., शनि., सकाळ

पनवेल स्टँड. विलास तिकिटांच्या रांगेत.

अंघोळ नुसत्या पाण्याने केली. साबण नाही, तेल नाही, पावडर नाही, गजरा नाही. साडी तीनदा साध्या पाण्यातून काढलेली. टेस्टच्या दिवशी असंच जायचं असतं. विलासने विचारलं, साबण संपला का? म्हटलं, नाही, आज हुंगायची पाळी तिची आहे. सात तासांच्या गाडीत अंगाला डिझेलचा वास लागणार, ते धरलंय. पोचल्यावर आधी विहिरीवर जाईन, पुन्हा अंघोळ करीन, मग आईंच्या हातून घेईन. घाई करायची नाही. आईंना म्हणणार, लुगड्याचा पदर जरा बाजूला घ्या.

अडतीस दिवस झाले. तिच्या वयाचा तिसरा हिस्सा.

मला भीती वाटतेय. लिहून ठेवते, कारण सप्टेंबरपासून पहिल्यांदाच काही तरी वाटतंय.

केतकीने ओळखलं नाही तर पुढे काय, ते ठरवलेलं नाही. विलास हात करतोय, गाडी लागली.